पहिलं रोप कोणी लावायचं

आमच्या रोपवाटिकेत माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पाडलेली एक रीत होती. आबांनी कुणाला सांगितलं की बाबा, यंदा तू मिरची लाव, तर लागणीच्या दिवशी ते स्वतः त्याच्या रानात जायचे आणि पहिलं रोप आपल्या हातानं लावायचे. मग घरची बाई त्या रोपाला हळदकुंकू वाहायची, चहा व्हायचा, आणि आबा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून परत यायचे. रोपं आमच्याकडूनच घेतली पाहिजेत असंही नव्हतं. सल्ला आबांचा असला की पहिलं रोप आबांचं, एवढंच.

मी लग्न होऊन न्हावऱ्याला आले तेव्हा मला हा हौसेचा मामला वाटला. म्हाताऱ्या माणसाला मान मिळतोय, चहा मिळतोय, मिळू दे. मग एका वर्षी एका शेतकऱ्याच्या मिरचीवर बोकड्या पडला. पानं आकसली, झाडं खुजी राहिली, सगळा प्लॉट उपटायची पाळी आली. ती बातमी आली आणि आबा स्वच्छ धोतर नेसून त्याच्या घरी निघाले. मी म्हटलं, आबा, आता कशाला जाताय, तो काय ओवाळणार आहे का तुम्हाला. ते म्हणाले, लावायला गेलो होतो, मग आता न जाऊन कसं चालेल. त्या माणसानं दोन तास तोंडाला येईल ते ऐकवलं म्हणे. आबांनी पावसाचं नाव घेतलं नाही, बियाणाचं घेतलं नाही, रोगाचंही घेतलं नाही. घरी येऊन भाकरी अर्धीच खाल्ली आणि मला म्हणाले, "उंटावरनं शेळ्या हाकू न्हाईत, सूनबाई. सांगनाऱ्याचं पाय मातीला लागलं पायजेत."

मला ते तेव्हा पटलं होतं असं मी म्हणणार नाही. मी दौंडची. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, आणि रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला बोर्डावर लिहिलेलं खरं वाटतं. गाडी कुठे आहे हे कुठल्या म्हाताऱ्याला विचारायचं नसतं, बोर्डाकडे बघायचं असतं. बी.कॉम. होऊन मी या घरात आले ती हाच स्वभाव घेऊन, आणि इथे बघते तर कुणाला कुठली रोपं कधी द्यायची हे सगळं आबांच्या डोक्यात आणि उरलेलं नवऱ्याच्या खिशातल्या चिठ्ठ्यांत. धुण्यात चिठ्ठी भिजली की एखाद्याची फ्लॉवरची लागण आठवडाभर पुढे जायची. मी सहा महिने तोंड बंद ठेवलं, जे माझ्या माहेरी कुणालाही खरं वाटत नाही, आणि मग कंप्युटर आणायला लावला.

पहिलं सॉफ्टवेअर साधं होतं. बिल करायचं, ट्रे मोजायचे, कुठल्या शेडनेटमध्ये कुठल्या दिवशी काय पेरलं ते लिहून ठेवायचं. मीच त्याला सांगायचे आणि तेच मला परत वाचून दाखवायचं. तरी त्यातही सुख होतं. मग दोन-तीन वर्षांपूर्वी त्या कंपनीनं त्यात एआय घातला, आणि तेव्हापासून ते नुसतं ऐकून घेईना, बोलायलाही लागलं.

चांगलं ते चांगलं म्हटलं पाहिजे. लोक व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाकायचे, तेही शेतातून, मागे पंप चालू, कुत्रं भुंकतंय. "वैनी, आपल्या त्या गेल्या साली नेल्या व्हत्या तसल्याच टमाट्याची रोपं पायजेत, तेवढीच, बाजार झाल्यावर नेतो." हे कोण बोलतंय, गेल्या साली काय नेलं होतं आणि बाजार म्हणजे तळेगाव ढमढेऱ्याचा की शिरूरचा, हे शोधण्यात माझी सकाळ जायची. आता ते एआय आवाज ओळखतं, गेल्या वर्षीची जात काढतं, बुकिंग करतं आणि शेतकऱ्याला उलटं उत्तर पाठवतं, "नमस्कार, आपली मागणी नोंदवली आहे." आबांनी ते उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, हा कोण पुण्याचा पाव्हणा आपल्याकडं राहायला आलाय?

ट्रेमध्ये भरायचं कोकोपीट संपायच्या आधी ते सांगतं. कुठला टेम्पो मांडवगण फराट्याला जाताना वाटेत कुणाकुणाचे ट्रे उतरवेल, कुठला भीमा ओलांडून दौंडच्या बाजूला जाईल, तेही लावून देतं. आणि एक गोष्ट तर मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे. अमावस्येला आमच्याकडे कुणी रोपं नेत नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण काही महिने गेल्यावर त्यानं आपणहून अमावस्येला टेम्पो लावणं बंद केलं. मी आबांना हे सांगितलं तर ते मिशीत हसले. म्हणाले, पाव्हण्याला रीत कळायला लागली की.

आबांचे गुडघे त्याच सुमारास बसले. शेतात जाणं थांबलं. गेटाजवळच्या खाटेवर ते बसून असायचे, पण लोक खाटेला वळसा घालून सरळ माझ्या टेबलापाशी यायला लागले, कारण सॉफ्टवेअर आता शिफारसही करायचं. या महिन्यात या भागात कशाला मागणी आहे ते स्क्रीनवर यायचं आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरही आपोआप जायचं. लोक विचारायचे, वहिनी, कंप्युटर काय म्हणतो? मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवायचे. मला त्यात बरं वाटायचं, हे लपवत नाही. बोर्ड होता, बोर्डावर लिहिलेलं होतं, आणि लोक वाचून निघून जात होते. आबांना वाईट वाटलं असेल का, म्हणून एकदा आडून विचारलंही. ते म्हणाले, अगं, सुटलो. पहिलं रोप लावायला कोणी जाईनासं झालं, हे मात्र तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

यंदा आषाढात स्क्रीनवर झेंडू आला. केशरी झेंडू, दसऱ्याला धरायचा. झेंडू आमच्याकडे दरवर्षी जातोच, पण यंदा आकडा आठवड्याला चढत होता. न्हावऱ्यातले तर झालेच, मांडवगणातून फोन, तळेगावातून फोन, नदीपलीकडून फोन. नवऱ्यानं दोन शेडनेट नुसत्या झेंडूनं भरली. एरवी तो पेरताना दहादा विचार करणारा माणूस. यंदा मजूर बायकांना म्हणाला, होऊ द्या.

त्या गडबडीत मामी आल्या. मामी म्हणजे आमच्या शेजारच्या रानातल्या. नात्यानं मामी नव्हेत, पण सगळा गाव त्यांना मामी म्हणतो. त्यांच्या घरची एके काळी मेंढरं होती. तरुणपणी त्या वर्षातले आठ महिने कळपामागे चालत असायच्या. मग घोड धरणाच्या कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि एक एकर बागायत झाली. मामा होते तोवर काय लावायचं ते मामा ठरवायचे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. दोन्ही मुलगे रांजणगावच्या कंपन्यांत, शिफ्ट करून दमून येणारे. वाईट मुलं नाहीत. पण त्यांचं म्हणणं होतं की आईनं आता कष्ट करू नयेत, रान बांधाला लागून असलेल्या ऊसवाल्याला खंडानं देऊन टाकावं. तो तयारच बसला होता.

मामींनी मुलांकडून एक हंगाम मागून घेतला होता. दसऱ्यापर्यंतचा. तोवर रानानं घरात काही आणून दाखवलं तर रान त्यांच्या हातात राहणार, नाहीतर ऊस. हे सगळं त्यांनी माझ्या टेबलासमोर बसून सांगितलं, आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मला मेंढरं कळत्यात गं, पीक न्हाई कळत. तुझा कंप्युटर सांगंल ते लावते. बाजार करून येते आन् बुकिंग करते."

त्या गेल्या आणि मी स्क्रीनकडे बघत बसले. स्क्रीनवर झेंडूच होता, सकाळी होता त्याहून थोडा वर. त्या शिफारशीच्या बाजूला एक छोटी खूण असते. ती दाबली की आपल्याला हवं ते विचारता येतं. इतक्या दिवसांत मी ती कधी दाबली नव्हती. गाडी तीन नंबरवर येतेय असं बोर्डावर दिसल्यावर का येतेय असं कोण विचारतं? पण मामींच्या एकराचा विषय होता. मी दाबली आणि लिहिलं, झेंडूच का?

त्यानं स्वच्छ मराठीत उत्तर दिलं. आपल्या आणि आसपासच्या रोपवाटिकांमध्ये झेंडूच्या रोपांची मागणी वाढत आहे, म्हणून. मी विचारलं, मागणी का वाढते आहे? तर म्हणालं, मागील काही आठवड्यांत शेतकऱ्यांना झेंडूची शिफारस पाठवण्यात आली, त्यानंतर मागणीत वाढ झाली आहे. मी विचारलं, दसऱ्याला भाव राहील का? म्हणालं, या शिफारशीत बाजारभावाचा अंदाज धरलेला नाही.

मला आधी हसू आलं. म्हणजे ते सांगतंय म्हणून लोक बुकिंग करतायत, आणि लोक बुकिंग करतायत म्हणून ते सांगतंय. घाण्याच्या बैलासारखं सगळं आपल्याभोवती फिरत होतं, आणि आम्ही सगळे त्या बैलाला वाट विचारत होतो. मग हसू गेलं आणि राग आला. त्याच्यावर यावा तर त्यानं काही लपवलं नव्हतं, विचारलं तसं खरं सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं. मी सगळ्यांना स्क्रीन फिरवून दाखवत होते, आणि तिथे आमचेच चेहरे दिसत होते.

दुपारी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतो, ही त्याची चांगली सवय आहे, आणि मग जे करायचं तेच करतो, ही वाईट. तो म्हणाला, दोन शेडनेट भरून रोपं उभी आहेत. आता लोकांना शंका घातली तर ती ट्रेमध्येच पिवळी पडतील. आणि झेंडू चालणारच नाही असं तरी कुठे कोण म्हणतंय? आपण रोपं विकतो, भविष्य विकत नाही. मी म्हटलं, मग त्या शिफारशी कशाला पाठवतो? तो म्हणाला, त्या आपण कुठे पाठवतो, त्या जातात.

हे वाक्य मला फार झोंबलं. आबा भाकरी मोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं आता तरी काही म्हणतील. जेवण झाल्यावर हात धुताना एवढंच म्हणाले की मामा मेंढरं घेऊन जायचा तेव्हा पुढचं मेंढरू ओढ्यात उतरलं की बाकीची विचारायची नाहीत. त्यात काही उपदेश होता की नुसती आठवण, ते मला आजही माहीत नाही. संध्याकाळी मी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन शिफारशी आपोआप पाठवणं बंद केलं. नवऱ्याला सांगूनच केलं. तो रुसला, पण परत चालू केलं नाही.

दिवेलागणीला मामी बाजार करून आल्या, पिशवीत गूळ आणि बांगड्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, झेंडूच ना? मी त्यांना सगळं सांगितलं, बैलासकट. त्यांना ते माझ्याआधी कळलं असं वाटलं, कारण त्या माझ्यासारख्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हय. मेंढरांचं बी असंच असतंय. मंग तू सांग."

मी म्हटलं, मामी, मी काय सांगू, मी दौंडची. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं इथं काय लोणचं घालत होतीस? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी गप्प राहिले असते तर त्या झेंडू घेऊन गेल्या असत्या आणि पुढचं त्यांचं त्या बघत्या. आता बोर्ड मीच खाली काढला होता, आणि प्रवासी समोर उभा होता.

मग मी विचार केला, आणि मोठ्यानं केला, त्यांच्यासमोर. एकरभर रान. घरी त्या आणि धाकटी सून, चार हात कायम हजर. मोठ्या शेतकऱ्याला मजुराचा तोटा असतो, म्हणून सारखं तोडायचं पीक तो टाळतो. गवार तशी असते. एक दिवसाआड तोडा, मान मोडून, अंगाला खाज सुटते, म्हणून फार जण लावत नाहीत. भाव फार चढत नाही, पण सहसा झोपतही नाही. मी म्हटलं, गवार करा. कडेनं बांधाला थोडा झेंडू, घरच्या दसऱ्यापुरता. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गवार रोपानं लावत नाहीत, बी टोकतात. म्हणजे आमच्या दुकानातलं मी त्यांना जवळजवळ काहीच विकलं नव्हतं. आत ट्रे धूत असलेल्या नवऱ्यानं हे ऐकलं आणि पाणी जरा जोरात सोडलं.

मामी उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "मंग पहिलं बी टोकायला येशील न्हवं? आबा यायचं."

मी हो म्हटलं. स्क्रीन फिरवून दाखवताना असं कुणाला हो म्हणावं लागलं नव्हतं. रात्री मी त्या सॉफ्टवेअरला गवारीबद्दल विचारायला गेले होते, खोटं कशाला बोलू. मग लॅपटॉप मिटला. त्याला विचारून तरी ते माझ्याऐवजी रानात थोडंच येणार होतं.

टोकणीच्या दिवशी ओल चांगली होती. मामींनी सरीच्या तोंडाशी मला वाकायला लावलं. दोन बिया, दोन बोटं खोल, वरून माती. आबा त्या दिवशी हट्टानं आले होते, बांधावर खुर्ची टाकून बसले. मला म्हणाले, सूनबाई, एवढं घाबरून नाही टोकायचं, बी घाबरेल. मामींच्या धाकट्या सुनेनं कुंकू लावलं, आधी मातीला आणि मग मलाही.

गवार उगवली. वाढली. श्रावण सरता सरता तोडा सुरू झाला. मी दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून बांधावर जायचे. मामी आणि सून वाकून तोडत असायच्या, पोती शिरूरला जायची. भाव कधी बरा, कधी बेताचा. मोठं काही घडत नव्हतं, आणि मला तेच बरं वाटत होतं.

आणि मग दसरा आला आणि झेंडूला सोन्याचा भाव आला.

दुसऱ्या कुठल्या तरी भागात फुलोऱ्याच्या वेळी पावसानं झोडपलं, तिकडची फुलं काळी पडली, आणि व्यापारी आमच्या बांधावर येऊन उभे राहिले. कंप्युटरनं भावाचा विचार केलाच नव्हता, त्याला तो माहीतही नव्हता. बोलाफुलाला गाठ पडली एवढंच. पण हे कोणाला सांगणार? न्हावऱ्यात ज्यानं त्यानं झेंडू लावला होता आणि ज्याच्या त्याच्या दारात नवा पिकअप आल्यासारखे चेहरे होते. नवरा एकदा फक्त म्हणाला, शिफारशी चालू ठेवल्या असत्या तर. वाक्य पुरं केलं नाही, हे त्याचे उपकार. मला माझाच संताप आला होता. इतकी अक्कल पाजळून मी एका बाईला तिच्या एकुलत्या हंगामात गवार तोडायला लावली होती.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन लोक एकमेकांकडे जातात. मी मामींकडे जाणं टाळावं असं फार वाटत होतं. आबा खाटेवर बसले होते. मी त्यांना सोनं दिलं, पाया पडले. ते पानं हातात धरून म्हणाले, मामीकडं जाऊन आलीस? त्यांना माहीत होतं मी गेले नव्हते. मी पदर खोचला आणि निघाले. स्वच्छ धोतर नेसून निघालेले आबा मला वाटेत आठवले. ते तेव्हा इतके गप्प का होते, ते आत्ता कळलं.

मामींच्या अंगणात दोन्ही मुलगे होते, कंपनीला सुट्टी. दाराला झेंडूचं तोरण, बांधावरच्याच फुलांचं. मी सगळ्यांना सोनं दिलं. धाकट्यानं वाकून नमस्कार केला. थोरल्यानं पानं घेतली आणि मान खाली घालून, आवाज न चढवता बोलायला लागला. म्हणाला, वहिनी, सगळ्या गावानं झेंडू केला. तुमच्याच कंप्युटरनं सांगितलेला. आई तोच लावायला आली होती, तुम्ही मध्ये पडलात. आईची बोटं बघा. उसाचा माणूस दोनदा येऊन गेलाय, आता त्याला काय सांगायचं?

माझ्या ओठांवर सगळं होतं. तो पाऊस, तो बैल, भावाचा अंदाज धरलेला नाही ते उत्तर. मी सांगितलं असतं तर ते खरंच होतं. पण आबांनी त्या मिरचीवाल्याकडे पावसाचं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय. मीच सांगितलं होतं गवार करा म्हणून." आणि ओट्यावर बसून राहिले. तो आणखी थोडं बोलला. मी ऐकलं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून तोरणाकडे बघत होते.

मामी आत चहा टाकत होत्या. त्या बाहेर आल्या, हात पुसत. बोटं खरंच खरखरीत झाली होती, नखांत हिरवं साचलेलं. त्या थोरल्याला म्हणाल्या, "बास आता. ती आली न्हवं ऐकून घ्यायला." मग माझ्याकडे न बघता, दोघा मुलांच्या मधे कुठेतरी बघत म्हणाल्या, "गवारीनं घर चाललंय दीड म्हैना, तुमच्या पगाराला हात लावला न्हाई मी. तिनं सांगितलं, पर ऐकलं मी. पुढल्या बारीला काय लावायचं ते मी ठरवनार. आन् पहिलं रोप बी मीच लावनार. चुकलं तर माझ्याकडं यायचं बोलायला, हिच्याकडं न्हाई."

मला सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडं लागलंही. आबांनाही त्या दिवशी, सुटलो म्हणताना, असंच काहीसं वाटलं असेल. धाकटी सून कप घेऊन आली. थोरल्यानं एक कप उचलला, बशीत थोडा ओतला, तो निवेपर्यंत वाट बघितली. मग त्यानं विचारलं, "मंग काय लावायचं?"

मी सवयीनं तोंड उघडलं होतं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. मामींनी आधी त्याच्या हातातली बशी सरळ केली, आणि म्हणाल्या, सांगते, च्या घे.